संशोधन बातमीपर्यंत नेताना : सोलापुरातील संशोधक, डॉक्टर आणि प्राध्यापकांसाठी

२०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा शास्त्रीय प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगात २७६ ढग निवडण्यात आले होते. त्यांपैकी कोणत्या ढगात क्षारकणांची फवारणी करायची आणि कोणता ढग तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले, म्हणजे निवडीत शास्त्रज्ञांच्या आवडीनिवडीला वाव ठेवला नव्हता. फवारणीच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत अधिक पाऊस झाल्याचे आढळले. केवळ अशा फवारणीने दुष्काळ हटणार नाही, पाण्याची गरज काही अंशी भागू शकेल, असेही संशोधकांनी स्पष्ट केले होते.

आता यातले ‘१०० चौरस किलोमीटर’ आणि ‘केवळ फवारणीने दुष्काळ हटणार नाही’ एवढेच गाळून पाहावे. ‘कृत्रिम पावसाने १८ टक्के वाढ’ असे उरलेले वाक्य सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने वाचले, तर जिल्ह्याच्या वर्षभराच्या पावसातच एवढी भर पडणार, असा अर्थ तो घेईल आणि त्यात त्याची काहीही चूक नसेल. वास्तविक सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे प्रयोगात ज्या क्षेत्राबद्दल बोलले गेले, ते जिल्ह्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरते. शिवाय ही वाढ फवारणी न केलेल्या ढगांच्या तुलनेत मोजलेली आहे. वार्षिक सरासरीशी तिचा थेट संबंध जोडता येत नाही. अशा बातमीतला प्रत्येक शब्द खरा असू शकतो आणि तरीही वाचकाच्या मनात उमटलेले चित्र चुकीचे असू शकते.

असे घडले की संशोधकांच्या वर्तुळात पहिला दोष वार्ताहराला दिला जातो. याबाबतीत एक अभ्यास आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. ब्रिटनमधील वीस आघाडीच्या विद्यापीठांनी आरोग्यविषयक संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके, त्यांमागील मूळ शोधनिबंध आणि त्यांवरून आलेल्या बातम्या कार्डिफ येथील संशोधकांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. वाचकांना द्यायचा सल्ला ४० टक्के प्रसिद्धिपत्रकांतच मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. ३३ टक्के पत्रकांत निव्वळ संबंधाला कार्यकारणभावाचे रूप दिलेले होते, तर प्राण्यांवरील प्रयोग माणसाला लागू असल्याचे ३६ टक्के पत्रकांत सूचित केलेले होते. पत्रकातच कार्यकारणभाव फुगवलेला असेल तेव्हा ८१ टक्के बातम्यांत तो तसाच उतरला, पत्रक संयमित असेल तेव्हा हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. फुगवलेल्या पत्रकांना जास्त प्रसिद्धी मिळाली, असेही दिसले नाही. माझी भूमिका याच पायावर उभी आहे. बातमी बिघडण्याची बहुतेक कारणे आपल्या कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या कागदावर असतात, आणि म्हणून ती दूर करणेही आपल्या हातात असते. पुढील सर्व पायऱ्या प्रामुख्याने त्या कागदाविषयी आणि तो ज्याच्या हाती पडतो त्या माणसाविषयी आहेत.

आधी वृत्तपत्राचा दिवस समजून घ्यावा

सोलापुरात विज्ञान हाच एकमेव विषय सांभाळणारा वार्ताहर भेटण्याची अपेक्षा ठेवू नये. जो वार्ताहर आपल्याकडे येतो, तो बहुधा शिक्षण, आरोग्य किंवा कृषी हा विषय पाहत असतो आणि त्याच दिवशी त्याला महापालिकेची सभा, ऊसदराचे आंदोलन किंवा एखादा अपघातही पाहायचा असतो. तालुक्याच्या गावी असलेले वार्ताहर तर बहुतेक सर्वच विषय एकट्याने हाताळतात. दुपारपर्यंत माहिती गोळा करायची, संध्याकाळी बातमी लिहून द्यायची आणि त्यानंतर उपसंपादकाने ती पानाच्या जागेत बसवायची, हा क्रम जवळपास सर्वत्र सारखा असतो. ग्रामीण आवृत्तीची पाने शहर आवृत्तीच्या आधी सुटतात, त्यामुळे करमाळा किंवा अक्कलकोटच्या वाचकापर्यंत पोहोचायचे असेल, तर माहिती आणखी लवकर द्यावी लागते.

या क्रमातून दोन व्यवहार्य गोष्टी निघतात. पहिली अशी की, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान दिलेल्या माहितीवर प्रश्न विचारायला, छायाचित्र मागवायला आणि शंका फेडून घ्यायला वार्ताहराला वेळ मिळतो, तर संध्याकाळी सातला पाठवलेला मजकूर जसाच्या तसा किंवा अर्धा कापून लावला जातो. दुसरी गोष्ट शीर्षकाची. शीर्षक बहुतेक वेळा वार्ताहर देत नाही. ज्याने आपल्याला पाहिलेले नाही आणि ज्याच्याशी आपण बोललेलो नाही, असा डेस्कवरचा उपसंपादक ते देतो. त्याच्यापर्यंत आपला आवाज पोहोचण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे आपण लिहून दिलेला कागद. म्हणून त्या कागदावर आपणच एक नेमके, आठ-दहा शब्दांत मावणारे शीर्षक सुचवावे. घाईच्या वेळी तेच वापरले जाण्याची शक्यता बरीच असते.

कोणत्या वाचकासाठी लिहीत आहोत, याचाही विचार सोलापुरात थोडा वेगळा करावा लागतो. ‘संचार’, ‘सकाळ’, ‘लोकमत’, ‘पुढारी’ या दैनिकांचा वाचक मोठा आहे, शेतीविषयक संशोधनासाठी ‘ॲग्रोवन’ आहे, आणि आकाशवाणीचे सोलापूर केंद्र आजही खेड्यापाड्यांत ऐकले जाते. परंतु शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड चालते, आणि उर्दू वाचणारा वर्गही मोठा आहे. आजार, पाणी किंवा लसीकरणाविषयीचा मजकूर फक्त मराठीत देऊन थांबणे म्हणजे ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असू शकते, अशा कुटुंबांना वगळणे होय. त्या भाषा जाणणारा सहकारी किंवा विद्यार्थी आपल्या संस्थेत जवळपास नक्कीच सापडतो, त्याच्याकडून अर्ध्या पानाचा मजकूर करून घ्यावा आणि तो त्या भाषेत कामकाज करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा.

विषय आणि वेळ निवडणे

प्रत्येक शोधनिबंध ही बातमी नसते. निबंध प्रसिद्ध झाला, पुरस्कार मिळाला किंवा परिषदेत सादरीकरण झाले, या गोष्टी संस्थेला महत्त्वाच्या वाटतात, वाचकाला त्यांत फारसे काही मिळत नाही. ‘यामुळे कोणाच्या कोणत्या निर्णयात फरक पडेल?’ किंवा ‘यामुळे रोज दिसणारी कोणती गोष्ट नव्याने समजेल?’ या दोनपैकी एका तरी प्रश्नाला उत्तर मिळत असेल, तर विषय पुढे न्यावा.

ऋतू आणि शेतीचे वेळापत्रक यांची सांगड घातली, तर तीच माहिती कितीतरी उपयोगी ठरते. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि तेल्या हा रोग जिल्ह्यातील प्रत्येक डाळिंब उत्पादकाला माहीत आहे. तो जिवाणूमुळे होतो, पावसाचे उडणारे थेंब आणि दमट हवा यांमुळे झपाट्याने पसरतो, म्हणूनच मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या फुलोऱ्यात, त्याचा धोका अधिक असतो. त्याविषयीचा मजकूर ऑक्टोबरमध्ये छापून आला, तर तो माहितीपर राहील. तोच बहार धरण्याचा निर्णय होण्याआधी, म्हणजे मे महिन्यात आला, तर शेतकरी त्यावर विचार करू शकेल. उजनी धरणाच्या साठ्याविषयीचे स्पष्टीकरण उन्हाळ्यात, जलाशयावरच्या रोहित पक्ष्यांविषयीचे हिवाळ्यात आणि सर्पदंशावरील पेरणीच्या दिवसांत द्यावे. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन हाताशी असतोच, मात्र त्या दिवशी सर्वच संस्था कार्यक्रमांच्या बातम्या पाठवतात आणि चांगला विषय त्या गर्दीत हरवतो.

स्थानिक धागा मिळाला की दूरचा विषयही जवळचा होतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगामवाला करमाळा तालुक्यातील जेऊर येथे आले होते आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या मोहिमेनेही तेथेच तळ दिला होता. सूर्याचा प्रभामंडल किंवा वर्णपट समजावून सांगणाऱ्या मजकुराला सोलापुरात याहून चांगली सुरुवात कोणती असू शकेल? असे धागे शोधण्यासाठी जिल्हा ग्रंथालयात घालवलेली एक दुपार वाया जात नाही.

एक पानाची टिपण कशी लिहावी

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. टिपण एका पानाची असावी, युनिकोडमध्ये टंकलिखित असावी आणि ती छायाचित्र काढून न पाठवता मजकूर म्हणूनच पाठवावी, कारण उपसंपादकाला ती पुन्हा टंकलिखित करावी लागली तर आकडे तेथेच चुकतात.

पहिल्या परिच्छेदात काय आढळले, कोणात आढळले आणि त्याचा अर्थ काय, हे दोन-तीन वाक्यांत यावे. संस्थेचा इतिहास, कुलगुरूंचे किंवा प्राचार्यांचे मार्गदर्शन, प्रकल्पाचे लांबलचक नाव या सर्व गोष्टी शेवटी जाव्यात. बातमी जागेअभावी तळापासून कापली जाते, हे एकदा लक्षात घेतले की ‘वर काय ठेवायचे’ याविषयी संस्थेत होणारे मतभेदही लवकर मिटतात. संशोधनाची मर्यादा मात्र शेवटच्या परिच्छेदात कधीही ठेवू नये, कारण कात्री लागली की पहिल्यांदा तीच जाईल. ती मुख्य निष्कर्षाच्या वाक्यातच गुंफावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या वनस्पतीच्या अर्काने तेल्याचे जिवाणू प्रयोगशाळेत मरतात, असे आपल्या विद्यार्थ्याला आढळले. ‘तेल्या रोगावर प्रभावी वनस्पतिजन्य उपाय शोधण्यात यश’ असे लिहिले, तर वाक्य आकर्षक होईल आणि आठवडाभरात कोणीतरी त्या अर्काची बाटली विकू लागेल. ज्याच्या बागेवर कर्ज आहे, असा शेतकरी ती विकत घेईल, नेहमीची फवारणी लांबवील आणि नुकसान त्याचे होईल. त्याऐवजी असे लिहावे : ‘प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत या अर्काने तेल्याच्या जिवाणूंची वाढ रोखली. बागेतील झाडांवर त्याची चाचणी अद्याप झालेली नसून ती होईपर्यंत शेतकऱ्यांनी सध्याच्या शिफारशींमध्ये बदल करू नये.’ या वाक्यांत उत्साह कमी नाही, आणि ती कशीही कापली तरी कोणाचे नुकसान होणार नाही.

टिपणीच्या खाली तीन गोष्टी न चुकता द्याव्यात : संशोधनाला पैसा कोणी दिला, निबंध कोठे प्रसिद्ध झाला (किंवा अद्याप तपासणीत आहे), आणि या संशोधनात सहभागी नसलेल्या पण विषय जाणणाऱ्या एक-दोन तज्ज्ञांची नावे, अर्थात त्यांना विचारून. ही तिसरी गोष्ट अनेकांना अवघड वाटते. परंतु वार्ताहराला दुसरे मत हवेच असते, आणि ते जाणकाराचे मिळाले नाही, तर जो फोन उचलेल त्याचे मत छापले जाते. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरील एका निबंधाच्या आधारे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित लसीचा आत्ममग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवण्यात आला. त्यानंतर कित्येक वर्षे माध्यमांनी दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली, जणू विज्ञानजगत खरोखर निम्मे-निम्मे विभागलेले होते. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, तोपर्यंत पालकांच्या मनात भीती खोल रुजली होती. दुसरी बाजू किती वजनाची आहे, हे सांगणे वार्ताहराला एकट्याने जमणारे नाही, तेथे आपण मदत करायला हवी.

आकडे देताना

आकडा एकटा देऊ नये, तो कशाच्या तुलनेत आहे हे त्याच वाक्यात सांगावे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना तो त्रास संभवत होता. ‘दुप्पट’ या शब्दाने घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात अधिक झाल्याचा अंदाज मांडला जातो. गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे या घटनेतील सर्वांत दुःखद सत्य आहे. म्हणून धोका सांगताना ‘सात हजारांत एक’ याच रूपात सांगावा, आणि टक्क्यांची वाढ सांगायचीच असेल तर मूळ संख्येच्या सोबतच.

सोलापूरकरांना रोज भेटणारा आकडा उजनीचा असतो. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात ‘उजनी वजा ३० टक्के’ अशा धर्तीचे शीर्षक येते आणि धरणात पाण्याऐवजी खड्डा उरला आहे की काय, असे नवख्या वाचकाला वाटते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यात ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आहे. पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले की झालेली घट उपयुक्त साठ्याच्या टक्केवारीत वजा चिन्हाने मोजतात. म्हणजे वजा ३० टक्के असताना मृतसाठ्यातील सुमारे १६ टीएमसी पाणी वापरले गेलेले असते आणि धरणात अजून साडेसत्तेचाळीस टीएमसीच्या आसपास पाणी असते. अर्थात त्यात गाळही आहे आणि ते पाणी उचलणे सोपे नसते, हेही सांगायला हवे. एवढे गणित चार ओळींच्या चौकटीत बसते. आपल्या शहरातील भूगोल किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने अशी चौकट दरवर्षी मार्चमध्ये तयार ठेवली, तर प्रत्येक दैनिक ती आनंदाने घेईल.

मोजणी आणि अस्तित्व यांतील फरकही असाच आवर्जून सांगावा. नान्नज येथील माळढोक अभयारण्यात गणनेच्या दिवशी पक्षी दिसला नाही, याचा अर्थ ‘त्या दिवशी, त्या ठिकाणांहून, त्या निरीक्षकांना दिसला नाही’ एवढाच असतो. हे वाक्य पत्रकात लिहून दिले नाही, तर ‘माळढोक नामशेष’ असे शीर्षक येण्याचा धोका राहतो. याउलट पक्षी दिसला, तर जागा नेमकी सांगू नये. माळढोकची मादी एका विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, आणि कॅमेरे घेऊन धावलेल्या हौशी मंडळींमुळे ती घरट्यावरून उठली, तर त्या वर्षीची आशा संपते. वार्ताहराला हे कारण सांगितले, तर तो जागा छापत नाही. कारण न सांगता माहिती दडवली, तर तो ती दुसरीकडून मिळवतो.

मुलाखत, फोन आणि कॅमेरा

वार्ताहराचा फोन आला की लगेच उत्तर देण्याचे दडपण घेऊ नये. त्याला बातमी किती वाजेपर्यंत द्यायची आहे आणि नेमके काय हवे आहे, हे विचारून अर्ध्या तासाची वेळ मागून घ्यावी आणि ती पाळावी. त्या अर्ध्या तासात तीन वाक्ये कागदावर उतरवावीत : मुख्य निष्कर्ष, त्याची मर्यादा आणि वाचकाने काय करावे किंवा करू नये. बोलणे कितीही भरकटले तरी या तीन वाक्यांकडे परत यावे. जे आपल्या विषयात येत नाही, त्यावर मत देऊ नये, तर त्या विषयातील सहकाऱ्याचे नाव सुचवावे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने साथीच्या रोगावर दिलेले मत ‘तज्ज्ञ म्हणतात’ या शब्दांखाली छापले जाते आणि मग त्यातली चूक कोणाची, हे ठरवता येत नाही.

‘हे छापू नका’ असे बोलून झाल्यावर सांगण्याला अर्थ नसतो. काही पार्श्वभूमी नाव न देता सांगायची असेल, तर बोलण्यापूर्वीच दोघांनी तसे ठरवावे. आणि साधा नियम असा की, उद्या सकाळी आपल्या नावाने वाचायला आवडणार नाही, असे काही बोलूच नये.

‘छापण्याआधी बातमी मला दाखवा’ ही मागणी बहुतेक वार्ताहरांना खटकते आणि ते योग्यच आहे, कारण बातमी त्यांची असते. ‘आकडे, नावे आणि माझ्या तोंडचे विधान तेवढे फोनवर वाचून दाखवाल का, मी दहा मिनिटांत सांगतो,’ असे म्हटले तर क्वचितच नकार मिळतो. त्या वेळी चुकीचे तेवढेच दुरुस्त करावे. त्यांचे वाक्य आपल्या शैलीत बसत नाही, म्हणून बदलायला सांगू नये.

वाहिनीच्या किंवा यूट्यूब चॅनेलच्या बाइटला वीस-पंचवीस सेकंद मिळतात, म्हणजे साधारण पन्नास शब्द. पाच मिनिटे बोलून त्यातले योग्य ते निवडतील, अशी आशा करण्याऐवजी पन्नास शब्दांतच पूर्ण विधान करावे आणि मर्यादा त्याच श्वासात सांगावी. पार्श्वभूमीला ‘यशस्वी संशोधन’ असा फलक नसावा, खरे काम दिसावे : बाग, सूक्ष्मदर्शक, पाण्याचे नमुने, काम करणारे विद्यार्थी. आकाशवाणीवर चित्र नसल्याने आकडे दोनपेक्षा जास्त देऊ नयेत.

निष्कर्ष कच्चा असेल तेव्हा

सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने जात असल्याचे दाखवणारी मोजमापे जाहीर केली. चूक कोठे आहे ते शोधायला मदत करा, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. तरीही जगभर ‘आइन्स्टाइन चुकले’ अशा आशयाच्या बातम्या झळकल्या, आणि काही महिन्यांनी दोष एका नीट न बसलेल्या प्रकाशतंतूच्या जोडणीत सापडला. इतक्या सावध मंडळींच्या बाबतीत हे घडू शकते, तर तपासणी न झालेल्या निबंधावर आपण पत्रकार परिषद घेऊ नये, हे बरे. माहिती आधीच बाहेर गेली असेल, तर ‘याची तपासणी अन्य शास्त्रज्ञांनी अद्याप केलेली नाही’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात जायला हवे.

एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज करण्याजोगे काही असेल, तर अर्ज दाखल होण्यापूर्वी प्रसिद्धी देऊ नये, कारण जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही आणि हक्क हातचा जाऊ शकतो. शासकीय सेवेतील मंडळींनी आपले वर्तणूक नियम आणि संस्थेची परवानगीची पद्धत आधीच समजून घ्यावी. रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील लेखी संमतीशिवाय देऊ नये.

साथ किंवा आपत्तीच्या काळात

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि सोलापुरातही चिंता पसरली. अशा वेळी समाजमाध्यमांवरचा मजकूर तासाभरात फिरतो, आणि तज्ज्ञ दोन दिवस गप्प राहिले, तर तोच लोकांच्या मनात पक्का होतो. म्हणून पहिल्याच दिवशी, अपुऱ्या माहितीसह का होईना, बोलावे. त्याचा क्रम असा ठेवावा : आज निश्चितपणे काय माहीत आहे, काय अद्याप समजलेले नाही, ते कधीपर्यंत समजेल, आणि तोवर घरी काय करावे. त्या आजाराच्या बाबतीत हा आजार स्वतः एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्याआधी दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारा जिवाणुसंसर्ग अनेकदा कारणीभूत ठरतो, आणि म्हणून पाणी उकळून प्यावे, एवढे सांगणे पुरेसे उपयोगी होते. रोज ठरलेल्या वेळी, समजा दुपारी चार वाजता, एकाच व्यक्तीने माहिती द्यावी. नवीन काही नसेल, तर ‘आज बदल नाही’ हेही त्याच वेळी कळवावे. वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकताना त्यावर दिनांक आणि वेळ असावी, कारण कालचा आकडा आज फिरत राहिल्याने होणारा गोंधळ मोठा असतो.

बातमी आल्यानंतर

बातमी वाचून प्रथम ठरवावे की, चूक वस्तुस्थितीची आहे की केवळ मांडणी आपल्या पसंतीची नाही. दुसऱ्या प्रकारात काही करू नये. वस्तुस्थितीची चूक असेल, तर वार्ताहरालाच सकाळी शांतपणे फोन करावा, चुकीचे वाक्य, योग्य वाक्य आणि त्याचा आधार लेखी पाठवावा. संकेतस्थळावरील मजकूर काही मिनिटांत दुरुस्त होतो, म्हणून ती विनंती आधी करावी, आणि लोकांच्या आरोग्यावर किंवा पिकावर परिणाम होण्यासारखी चूक असेल, तर छापील खुलाशाचा आग्रह धरावा. वार्ताहराला डावलून थेट संपादकांकडे जाणे हा शेवटचा उपाय ठेवावा. चांगल्या बातमीनंतरही फोन करावा आणि त्यात नेमके काय चांगले झाले ते सांगावे. सोलापूरसारख्या शहरात तीच माणसे पुढची अनेक वर्षे एकमेकांना भेटणार असतात.

बातमीची गरज नसतानाही संबंध चालू ठेवावेत. वर्षातून एकदा वार्ताहर, उपसंपादक आणि छायाचित्रकारांना प्रयोगशाळेत, बागेत किंवा माळरानावर बोलवावे आणि त्या दिवशी कोणतीही प्रेसनोट देऊ नये. त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, टक्केवारी, नमुन्याचा आकार आणि तपासलेला निबंध म्हणजे काय, हे प्रत्यक्ष उदाहरणांवर दाखवावे. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील जनसंवादाच्या विद्यार्थ्यांना आपल्या विभागात महिनाभर बसू दिले, तर त्यांना विज्ञानाची भीती उरत नाही आणि आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना सोपे लिहिण्याची सवय लागते. उद्याचे वार्ताहर त्यांच्यातूनच येणार आहेत.

या सर्व कामाची एक वही प्रत्येक विभागात असावी. तिच्यात वार्ताहरांचे विषय आणि त्यांची माहिती देण्याची वेळ, कोणत्या विषयावर कोण बोलू शकेल, आलेल्या बातम्यांची कात्रणे, कोणता आकडा कोठे चुकला आणि पुढच्या वेळी तो कसा लिहायचा, याच्या नोंदी असाव्यात. वार्ताहरांच्या आणि आपल्याही बदल्या होत राहतात, म्हणून पदभार सोपवताना किल्ल्या आणि जडवस्तू नोंदवहीबरोबर ही वहीही नव्या माणसाच्या हाती द्यावी, आणि जमल्यास पहिल्या एक-दोन भेटींना त्याला सोबत घेऊन जावे.